कासव घरी का येईना?

आमच्याकडे केर काढणारा रोबो आला त्या दिवशी आईने चष्मा सावरून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "कासवच आहे की रे हे." गोल पाठ, वीतभरही नाही अशी उंची, वाटेत खुर्चीचा पाय आला की थबकायचं, अंग फिरवायचं आणि पुन्हा चालू लागायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पहिले दोन महिने कासव गुणी बाळासारखं वागलं. सकाळी दहाला निघायचं, हॉल, दोन्ही बेडरूम, स्वयंपाकघर झाडायचं आणि बाराच्या आत मुकाट आपल्या चार्जरवर जाऊन बसायचं. मग एका सोमवारी ते दिवाणाखाली निपचित पडलेलं सापडलं. गुरुवारी चार्जरपासून दोन हातांवर उभं, तोंड चार्जरकडेच, पण पुढे सरकायला तयार नाही. रविवारी तर कमालच झाली. चार्जरवर अगदी व्यवस्थित बसलेलं, आणि बॅटरी शून्य.

मी तेव्हा जे बहुतेक जण करतात तेच केलं. ॲप उघडून दिसेल ते बटण दाबलं, नकाशा पुसून पुन्हा काढायला लावला, वाय-फायचा राउटर बंद-चालू केला आणि शेवटी सर्व्हिस सेंटरला फोन लावून पाऊण तास त्यांचं संगीत ऐकलं. आठवड्याने उमगलं की तिन्ही दिवसांची कारणं वेगवेगळी होती आणि त्यातल्या एकालाही मेकॅनिक लागणार नव्हता. यंत्र धडधाकट होतं. घोळ आमच्या घरात होता.

त्यानंतर सोसायटीतल्या तीन-चार घरांतली अशीच भरकटलेली कासवं मी मार्गाला लावली. त्या जोरावर सांगतो, ॲप नंतर उघडा. आधी एकदा रोबोच्या मागोमाग चालून बघा. सुट्टीच्या दिवशी त्याला घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीतून, त्याच्या पाठीवरचं घराचं चित्र असलेलं बटण दाबून परत पाठवा आणि हाताची घडी घालून मागे उभे राहा. मदत करू नका, वाट मोकळी करून देऊ नका. तो निघतच नाही, निघतो पण वाटेत अडकतो, चार्जरसमोर येऊन घुटमळतो, की बसतो पण चार्ज होत नाही? या चारांपैकी काय घडलं ते डोळ्यांनी पाहिलं की अर्धं निदान झालं. बटण दाबून तो नीट घरी जात असेल आणि फक्त मोबाइलवरून बोलावलं की येत नसेल, तर दोष वाय-फायचा आहे. घरी परतायला बहुतेक रोबोंना इंटरनेट लागत नाही, तुमचा निरोप पोचायला तेवढं लागतं. वाय-फायचा विषय इथेच संपला.

त्याला घर कसं सापडतं

आईला ठाऊक नव्हतं, पण तिने दिलेलं नाव पंचाहत्तर वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्रे वॉल्टर या मेंदू-संशोधकाने १९४८-४९ मध्ये चाकांवर चालणारी दोन छोटी यंत्रं बनवली होती, एल्मर आणि एल्सी. तोही त्यांना कासवंच म्हणायचा. त्यांना प्रकाशाची ओढ असे आणि बॅटरी उतरली की ती दिवा लावलेल्या एका खोपटात शिरून चार्ज होत. उलट २००२ साली दुकानात आलेल्या पहिल्या रूम्बाला स्वतःहून चार्जरवर जाता येत नव्हतं, वायर मालकानेच खुपसायची. म्हणजे झाडायला शिकण्याच्या कितीतरी आधी यंत्रं घरी परतायला शिकली होती.

आजचे बरेचसे रोबो शेवटचे काही फूट त्या जुन्या कासवांसारखेच दिव्याच्या ओढीने चालतात. फक्त हा दिवा आपल्याला दिसत नाही. चार्जरच्या दर्शनी भागावर, काळपट प्लास्टिकच्या खिडकीमागे, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसले इन्फ्रारेड दिवे असतात. एक किरण डावीकडे, एक उजवीकडे, मधे दोन्हींचा मिलाफ. रोबोला डावा किरण जास्त दिसला तर तो उजवीकडे वळतो, उजवा जास्त दिसला तर डावीकडे. दोन्ही सारखे दिसले की सरळ आत. शेवटी तो जो हळूहळू कंबर हलवत जातो ते याच कारणाने.

हा झाला शेवटचा टप्पा. तिथवर पोचायचं कसं, हे रोबोच्या जातीवर ठरतं. पाठीवर गोल उंचवटा असेल तर आत लेझर फिरतो आहे. हा रोबो खोलीचा नकाशा काढतो, चार्जरची जागा नकाशावर नोंदवतो आणि थेट तिच्यासमोर येऊन उभा राहतो. पाठीवर छोटा कॅमेरा असेल तर तोही नकाशा काढतो, पण त्याला उजेड लागतो. रात्री दिवे मालवून त्याला कामाला लावलंत तर तो वाट चुकणार आणि त्यात त्याची काही चूक नाही. पाठ सपाट, आणि किंमतही बेताची, तर बहुधा त्याच्याकडे नकाशा नाही, किंवा असलाच तर चाकांचे फेरे मोजून बांधलेला ढोबळ अंदाज. असा रोबो भिंतीच्या कडेने चाचपडत फिरतो आणि चार्जरचा किरण वाटेत लागला तर घरी पोचतो. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्याच्याकडून रोज बिनचूक परतण्याची अपेक्षा करू नये. बॅटरी निम्मी असतानाच त्याला बोलवावं किंवा एका वेळी एकच खोली द्यावी. (अगदी नव्या, महागड्या रोबोंत लेझर पोटात दडवलेला असतो किंवा पुढच्या तोंडावर बसवलेला असतो, त्यामुळे पाठ सपाट दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नका. माहितीपुस्तिका बघा.)

आधी स्विच

आमच्या गुरुवारच्या घोळाचं कारण सांगायलाही लाज वाटते. चार्जरचा स्विच बंद होता. आपल्याकडे प्रत्येक प्लगला भिंतीवर स्विच असतो आणि "काही चालू नाही ना, मग कशाला जाळायची वीज" हा संस्कार प्रत्येक घरात कुणीतरी निष्ठेने पाळत असतं. आमच्याकडे ते काम आईकडे आहे. रोबो झाडायला बाहेर गेला, चार्जर मोकळा दिसला, तिने स्विच बंद केला. चार्जरला वीज नाही म्हणजे दिवा नाही, आणि दिवा नाही म्हणजे कासवाच्या लेखी तिथे घरच नाही. नकाशाच्या आधाराने ते बरोबर दारापर्यंत आलं आणि दार सापडेना म्हणून थांबलं. मी त्या स्विचवर औषधाच्या बाटलीसारखी लाल चिठ्ठी लावली आहे.

याच वर्गातली दुसरी गोष्ट वीज जाण्याची. रोबो फिरत असताना वीज गेली की हेच होतं, वर राउटरही बंद असतो, त्यामुळे मोबाइलवर त्याचा पत्ताही लागत नाही. साधा चार्जर फार वीज खात नाही, इन्व्हर्टरच्या लाइनवर खुशाल घ्या. पण रोबोच्या पोटातला कचरा स्वतः ओढून घेणारा मोठा डबा असलेला चार्जर घ्यायचा नाही. कचरा ओढताना त्याची मोटर काही सेकंद हजार वॉटच्या आसपास ओढते, घरगुती इन्व्हर्टर तेवढ्यात बोंब मारतो. एक्स्टेंशन बोर्डाचंही तसंच आहे. बोर्डावर आधीच मिक्सर किंवा इस्त्री असेल तर त्या मोठ्या चार्जरला भिंतीतला स्वतंत्र प्लग द्या.

चार्जरवर छोटा दिवा असेल तर तो लागला आहे का ते पाहा. इन्फ्रारेड दिवे लागतात की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं. आधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका दिसला तर तुमचा कॅमेरा या कामाचा आहे. पुष्कळ फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यावर हे किरण अडवणारी काच असते, मग सेल्फीचा कॅमेरा वापरून बघा. आता खोलीत अंधार करा, रोबो चार्जरवरून उतरवून लांब ठेवा आणि चार्जरच्या खिडकीकडे कॅमेरा धरा. ठिपके दिसले की चार्जर जिवंत. दिसले नाहीत तर लगेच त्याला मेलेला ठरवू नका, कारण काही चार्जरांवर दिवे नसून रोबोने ओळखावेत असे नुसते खाचांचे किंवा चकचकीत पट्ट्यांचे नमुने असतात. त्याचा उलगडा माहितीपुस्तिकेत होतो.

शेवटचे तीन फूट

माझ्या हिशेबाने दहांतली सहा-सात कासवं इथेच हरतात. चार्जर कुठे ठेवायचा याबद्दल माहितीपुस्तिका साधारण एकच सांगतात: दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर सव्वा ते दीड मीटर जागा मोकळी. मुंबईत वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येईल. एवढी मोकळी जागा असती तर तिथे कपाट नसतं का ठेवलं? म्हणून तडजोडीचा क्रम सांगतो. बाजूंची जागा थोडी कमी केलीत तर बहुतेक रोबो चालवून घेतात, निदान एका बाजूला तरी. समोरची जागा मात्र सोडू नका. किरण समोर पंख्यासारखे पसरतात. त्या पंख्यात बूट, पायपुसणं, पाण्याची बाटली, नातवाची सायकल, काहीही आलं की रोबोला अर्धाच दिवा दिसतो आणि तो वाकडा येतो, धडकतो, मागे जातो, पुन्हा येतो. शू-रॅकच्या शेजारी चार्जर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. सकाळी रॅक नीटनेटका असतो आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या चपला नेमक्या त्याच्या वाटेत असतात.

चार्जर टीव्ही युनिटच्या किंवा पलंगाच्या खाली लपवावा असाही मोह होतो. दिसायला छान, पण वर आणि बाजूंना लाकडाचं छत असलं की किरण त्यावरून उलटून येतात आणि रोबोला दोनाचे चार दिवे दिसतात. आरशाच्या दारांचा वॉर्डरोब समोर असला तरी हीच फसगत होते. लेझरवाल्याला तर आरशात आणखी एक खोली दिसते आणि तो ती नकाशावर काढूनही ठेवतो. तुमच्या ॲपमधल्या नकाशावर घराच्या भिंतीपलीकडे एक जास्तीची खोली उगवली असेल तर ती आरशातली आहे. आरशाच्या तळाशी, रोबोच्या लेझरच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून नऊ-दहा सेंटिमीटरच्या आसपास, अपारदर्शक पट्टी चिकटवा आणि नकाशा पुन्हा काढा.

ऊनही वैरी आहे. पश्चिमेकडे गॅलरी असलेल्या हॉलमध्ये संध्याकाळी चार-पाचला तिरपं ऊन थेट चार्जरवर येतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यात चार्जरचा बारीक दिवा बुडून जातो. सकाळी नीट परतणारा रोबो संध्याकाळी चुकत असेल तर पडदा ओढून बघा. एकाच खोलीत दोन रोबोंचे दोन चार्जर असतील तर तेही एकमेकांचे किरण बिघडवतात, त्यांना वेगळ्या खोल्या द्या.

आता जमीन. व्हिट्रीफाइड टाइल्स गुळगुळीत असतात आणि साधा चार्जर वजनाला हलका. रोबो चढायला जातो, चार्जर मागे सरकतो, रोबो पुन्हा ढकलतो, असं करत चार्जर भिंतीला तिरका होऊन बसतो. पाठ भिंतीला टेकवून खाली दुहेरी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले की हा खेळ थांबतो. चार्जर सतरंजीवर किंवा चटईवर मात्र ठेवू नका. चाकं आत रुततात, रोबो खाली बसतो आणि त्याच्या पोटाखालच्या पट्ट्या चार्जरच्या पट्ट्यांना भेटत नाहीत. ज्याला पोछाही लावता येतो तो रोबो ओलं फडकं अडकवलेलं असताना गालिचा टाळतो. चार्जर गालिच्यापलीकडे असेल तर तो गालिच्याच्या काठावर येऊन थांबेल आणि तुम्हाला वाटेल बिघडला. वायरही मागे गुंडाळून बांधून टाका, पुढे लोंबू देऊ नका. फिरता ब्रश तिला नूडल्ससारखं गिळतो.

समोर घुटमळणाऱ्या रोबोचं स्वतःचंही अंग तपासा. पुढच्या बंपरमधली काळी खिडकी धुळीने माखलेली असते, ती मऊ कोरड्या कापडाने पुसा. चार्जरचीही पुसा. रोबो नवा असेल तर तिथली पारदर्शक फिल्म काढली आहे ना, तेही बघा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या रोबोला ती सहा महिने तशीच होती. बंपर दोन्ही टोकांना आणि मध्ये हाताने दाबून सोडा, तो लगेच बाहेर आला पाहिजे. वाळूचा कण अडकून तो आतच राहिला तर रोबोला सतत कशाला तरी धडकल्याचा भास होतो आणि तो मागे मागे जातो. पुढचं छोटं चाकही ओढून काढा. त्याच्या आसाभोवती केस आणि दोऱ्यांची अशी काही वेणी सापडते की बघत राहावं. हे चाक जाम झालं की रोबो एका बाजूला ओढला जातो. खोलीभर ते कळत नाही, चार्जरवर चढताना बोटभर चुकलं तरी कळतं. पंधरा दिवसांतून एकदा हे काम करायला हवं आणि दर वेळी कंटाळा येतो.

उचललेलं कासव

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसताना रोबो समोर आला की त्याला अलगद उचलून सोफ्यावर ठेवतात आणि पुसून झाल्यावर दुसऱ्याच खोलीत सोडतात. माया आहे त्यात. पण रोबोच्या दृष्टीने हे अपहरण आहे, आणि यंत्रमानवशास्त्रात या प्रश्नाचं नावच 'अपहृत रोबो' असं आहे. डोळे बांधून तुम्हाला कुणी भलत्याच गल्लीत सोडलं तर काय होईल? लेझरवाला रोबो आसपासच्या भिंती बघून आपली जागा बहुतेकदा पुन्हा ओळखतो, पण त्याला वेळ लागतो आणि दोन बेडरूम एकसारख्या असतील तर तो फसतो. चाकांचे फेरे मोजणारा रोबो तर कायमचा चुकतो. उपाय सोपा आहे. उचलायचंच असेल तर बंद करून उचला आणि पुन्हा सोडताना चार्जरवरच सोडा.

सफाईची सुरुवातही चार्जरवरूनच व्हायला हवी. पुष्कळ जण रोबो हाताने उचलून बेडरूममध्ये नेतात, दार लावतात आणि तिथेच चालू करतात. त्या फेरीत त्याने चार्जर पाहिलेलाच नाही, मग तो परत कुठे जाणार? अशा वेळी बरेच रोबो जिथून निघाले तिथे येऊन थांबतात. ते बरोबरच करतात.

चार्जर हलवला की नकाशातली जागा शिळी झाली. थोडा सरकला तर रोबो जुळवून घेतो, खोली बदलली तर नाही. नव्या जागी आणल्यावर रोबोला चार्जरवर बसवा, एकदा बंद-चालू करा आणि तिथूनच पूर्ण घराची फेरी होऊ द्या. ॲपमध्ये आखलेल्या मनाईच्या चौकोनांवरूनही एकदा नजर फिरवा. देवघरासमोरची रांगोळी वाचवायला मी एक चौकोन आखला होता, तो बोट घसरून पॅसेजवर इतका पसरला की बेडरूममधून हॉलमध्ये यायला वाटच उरली नाही.

जाता येतं, परतता येत नाही

वाटेत अडकणाऱ्या रोबोसाठी टेप घेऊन घर मोजा. बहुतेक रोबो दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरठा चढतात. पण आपल्याकडे खोल्यांच्या पातळ्या सारख्या नसतात. हॉलमधून गॅलरीत उतरताना दीड सेंटिमीटर, आणि गॅलरीच्या बाजूने तोच उंबरठा तीन सेंटिमीटर. कासव उतरतं, तिकडचा कोपरा मन लावून झाडतं आणि परत येताना उंबरठ्याला पंधरा वेळा डोकं आपटून थकतं. सुताराकडून लाकडाची उतरती पट्टी करून घ्या किंवा गॅलरीला मनाई करा.

काळ्या दगडाची भानगड वेगळीच. रोबोच्या पोटाखाली चार-सहा सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात, तो उलटून आला नाही तर पुढे खड्डा किंवा जिना आहे असं समजून रोबो मागे फिरतो. आपल्याकडे दारात कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट बसवायची पद्धत आहे. काळा दगड किरण पिऊन टाकतो आणि रोबोला वाटतं पुढे दरी आहे. जाताना कसाबसा पार झाला तरी परतताना अडतो. यावर सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लावा असा सल्ला हमखास मिळतो. तो पाळू नका. पट्टी लावलेल्या रोबोला खरा जिनाही दिसत नाही. त्यापेक्षा काळ्या पट्टीवर फिक्या रंगाचा पातळ रबरी पट्टा चिकटवा. आणि घरात काळा दगड नसूनही रोबो सपाट जमिनीवर मागे मागे जात असेल, तर त्याला उलटा करून ते सेन्सर पुसा. गव्हाच्या पिठाच्या आणि रांगोळीच्या धुळीने ते आंधळे होतात.

आमच्या सोमवारच्या प्रकरणात दिवाणाखालची फट दहा सेंटिमीटर होती आणि कासव साडेनऊ. एरवी ते आत-बाहेर करायचं. त्या दिवशी आईने जुनी सतरंजी घडी करून दिवाणाखाली सरकवली होती, कासव तिच्यावर चढलं आणि वर फळीला पाठ लागून पाचर बसल्यासारखं अडकलं. फट रोबोच्या उंचीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर तरी जास्त हवी, नाहीतर तो रस्ता बंदच करावा.

बसलं, पण भरलं नाही

रविवारचं कोडं चार्जिंगच्या पट्ट्यांचं होतं. रोबोच्या पोटाला दोन धातूच्या पट्ट्या आणि चार्जरवर तशाच दोन. बोअरवेलच्या जड पाण्याने फरशी पुसली जाते, त्यातला क्षार, फिनेलचा चिकटपणा, धूळ, असं सगळं मिळून त्यांवर न दिसणारा थर बसतो. डोळ्यांना पट्टी चकचकीत दिसते आणि वीज मात्र जात नाही. चार्जरची पिन भिंतीतून काढा, चारही पट्ट्या कोरड्या खरबरीत कापडाने घासा. डाग हट्टी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, किंवा शाळेतला मऊ पांढरा खोडरबर वापरून त्याचे कण झटकून टाका. सँडपेपर नको. वरचा मुलामा निघाला की पट्टी लवकर काळी पडते. महिन्यातून एकदा हे केलं तर पुरतं.

घरात मल्टिमीटर बाळगणाऱ्यांना एक सूचना. चार्जरच्या पट्ट्यांवर मीटर लावला आणि व्होल्टेज दिसलं नाही म्हणून चार्जर फेकू नका. बरेच चार्जर रोबो वर बसल्याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण वीज सोडतच नाहीत.

हे सगळं ठीक असूनही रोबो वाटेतच मान टाकत असेल तर बॅटरीकडे वळा. रोबो साधारण १५ ते २० टक्के चार्ज उरला की घरची वाट धरतो. पण टक्के हा अंदाज असतो. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा भरून-उतरून झाली, म्हणजे रोजच्या वापरात दोन-तीन वर्षं, की तिचा दम कमी होतो. पडद्यावर १८ टक्के दिसतात, आणि उंबरठा चढायला जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि रोबो तिथेच बंद पडतो. ॲपमध्ये जुन्या फेऱ्यांची नोंद असते ती काढून बघा. तेच घर, ताकदीचा तोच मोड, आणि पूर्वी ९० मिनिटं चालणारा रोबो आता ३५ मिनिटांत घरी पळत असेल तर बॅटरी बदला. तोवर ओढण्याची ताकद कमी ठेवा आणि घर दोन फेऱ्यांत वाटून द्या. बिननावाची स्वस्त बॅटरी घेऊ नका. जुनी फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

सर्व्हिस सेंटरला फोन करायची वेळ आलीच तर तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक, रोबो थांबताना बोलतो ते वाक्य जसंच्या तसं आणि त्याच्या शेवटच्या तीन फुटांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हाताशी ठेवा. "परत येत नाही" एवढंच सांगितलं की पलीकडून हमखास "रिसेट करून बघा" येतं, आणि रिसेटने नकाशे जातात. वॉरंटी असेपर्यंत स्क्रू खोलू नका.

राहिला गणपतीचा प्रश्न. आमच्याकडे चार्जरचा कोपरा हाच मखराचा कोपरा आहे. पहिल्या वर्षी मी चार्जर उचलून बेडरूममध्ये ठेवला आणि दहा दिवस कासव रोज मखरासमोर येऊन थांबत होतं. आल्यागेल्यांनी त्याच्या भक्तीचं कौतुक केलं, आईने त्याला एकदा हळदकुंकूही वाहिलं, आणि ते नंतर मला सेन्सरमधून काढावं लागलं. आता मी आदल्या दिवशी हॉलचा जुना नकाशा ॲपमध्ये जपून ठेवतो, चार्जर बेडरूममध्ये हलवून तिथून नवा नकाशा काढून घेतो आणि मखराभोवती मनाईचा चौकोन आखतो. चार्जरच्या मूळ जागी फरशीवर मास्किंग टेपचे दोन काटकोन चिकटवलेले आहेत. विसर्जनानंतर मखर निघालं की चार्जर त्या काटकोनांत बसवायचा, जुना नकाशा निवडायचा, आणि स्विच चालू आहे ना ते आईला विचारायचं.